दोर लागत नाही

मराठी भाषेत काही वाक्ये अशी आहेत, की ती उच्चारणाऱ्याला एक पैसा खर्च येत नाही आणि ऐकणाऱ्याचे मात्र दिवाळे वाजते. ‘पाच मिनिटांचं काम आहे’ हे त्यातले एक. ‘घरचंच समजा’ हे दुसरे. परंतु डोंगरावर नेताना जे वाक्य टाकतात, ते या साऱ्यांचा आजोबा शोभेल. दंतवैद्य ‘अजिबात दुखणार नाही’ म्हणतो, तेव्हा निदान त्याच्या हातात पकड दिसत असते. आपण सावध होतो. डोंगरावर न्यायला आलेल्या माणसाच्या हातात केळी असतात.

‘सोपा आहे हो! दोरसुद्धा लागत नाही.’

हे मी आजवर मेहुण्याकडून, शेजाऱ्यांकडून, मुलीच्या शाळेतल्या सरांकडून आणि एकदा तर आमच्या डॉक्टरांकडून ऐकले आहे. यातला दोराचा भाग खरा आहे. सोपेपणाचा भाग खोटा आहे. आणि खऱ्याच्या जामिनावर खोटे खपवले जाते, याला माझी सक्त हरकत आहे.

आता दोर लागणे आणि न लागणे याचा मूळ अर्थ काय, ते पाहू. अमेरिकेत सिएरा क्लब नावाची संस्था आहे. तिने १९३० च्या दशकात डोंगरवाटांची प्रतवारी चालू केली. पहिल्या प्रतीत नुसते चालायचे. दुसरीत अधूनमधून हात टेकायचे. तिसरीत हात बऱ्यापैकी वापरायचे. चौथीत पडलात तर जिवावर बेतू शकते, म्हणून पुष्कळ लोक दोर लावतात. आणि पाचवीपासून खरे प्रस्तरारोहण, म्हणजे खिळे, दोर आणि विमा. प्रतवारी उत्तम आहे, माझी तक्रार नाही. पण ती कशाची आहे? वाटेवरच्या सगळ्यात अवघड जागेची. ती वाट किती लांब, किती उंच, किती तासांची, तिथे सावली आहे की नाही, पाणी आहे की नाही, यातल्या एकाही गोष्टीशी तिचा संबंध नाही. तुम्ही पहिल्या प्रतीच्या वाटेवर दिवसभर चालत राहिलात आणि संध्याकाळी जीभ बाहेर काढून पडलात, तरी कागदोपत्री वाट पहिल्याच प्रतीची राहते.

आमच्या बँकेत याला समांतर अशी एक गोष्ट आहे. तिला विनातारण कर्ज म्हणतात. काउंटरच्या या बाजूला वीसेक वर्षे बसून मी एक पाहिले आहे. ‘तारण लागत नाही’ असे सांगितले, की समोरच्या गृहस्थांचा चेहरा असा काही उजळतो, की त्यांनी ‘परत करावं लागत नाही’ असेच ऐकले आहे याची मला खात्री पटते. पहिला हप्ता थकल्यावर ते जो चेहरा घेऊन येतात, अगदी तोच चेहरा मी कळसूबाईच्या शिडीखाली बसलेल्या माणसांचा पाहिला आहे.

कळसूबाईचे उदाहरण मी मुद्दाम घेतो. एक तर ते महाराष्ट्रातले सगळ्यात उंच शिखर, १६४६ मीटर. दुसरे म्हणजे ‘सोपा’ या शब्दाचा जेवढा मारा या डोंगरावर झाला आहे, तेवढा बहुधा दुसऱ्या कुठल्याच डोंगरावर झाला नसेल. घोटीहून भंडारदऱ्याकडे जाताना बारी नावाचे गाव लागते. तिथे उतरायचे आणि चालू पडायचे. वाट मळलेली, चुकायची भीती नाही. कड्याच्या जागी पूर्वी साखळ्या धरून चढावे लागे. आता तिथे लोखंडी शिड्या आहेत. दोर नाही, खिळे नाहीत. म्हणजे सोपा! पण बारीपासून माथ्यापर्यंतचा चढ सव्वाआठशे मीटरच्या आसपास आहे, हे कोणी सांगत नाही. दुबईचा बुर्ज खलिफा ८२८ मीटर उंच आहे. जगातली सर्वांत उंच इमारत. तिच्या दारात तुम्हाला उभे करून कोणी म्हटले, ‘चला, जिन्याने जाऊ, सोपं आहे, दोर लागत नाही,’ तर तुम्ही त्या माणसाशी पुन्हा बोलाल का? आणि बुर्ज खलिफाच्या पायऱ्या निदान एका मापाच्या असतील. इथे एक पायरी वितीची, पुढची गुडघ्याएवढी, आणि तिसरी मागच्या पावसात वाहून गेलेली.

आमच्या बिल्डिंगची लिफ्ट बंद असते तेव्हा आम्ही चौथ्या मजल्यावरून सोसायटीच्या सेक्रेटरीचा उद्धार करतो. कळसूबाई म्हणजे असे पावणेतीनशे मजले. आणि सेक्रेटरी नाही.

शिवाय डोंगराची एक खोड असते. तो खालून कधीच पुरा दिसत नाही. बारीतून जे टोक दिसते ते माथा समजून तुम्ही मनातल्या मनात पेढे वाटता. तिथे पोचलात की मागून दुसरे टोक उठते. ते गाठले की तिसरे. दरम्यान न्यायला आलेला माणूस दर अर्ध्या तासाने ‘आलंच आता’ म्हणत असतो. कोर्टात शपथेवर हे चालले नसते.

वेळेचेही तेच. ‘दोन तासांत वर!’ हे दोन तास कुठून येतात, ते मी शोधून काढले आहे. १८९२ साली नाइस्मिथ नावाच्या एका स्कॉटिश गिर्यारोहकाने आडाखा बांधला: दर तीन मैलांना एक तास, आणि दर दोन हजार फूट चढाला आणखी एक तास. कॉमर्सच्या माणसाला आवडावा असा हिशेब. आता कळसूबाईचा चढ साधारण सत्तावीसशे फूट. त्याचे एक तास वीस मिनिटे, वर अंतराचे पाऊणएक तास. झाले दोन तास. फक्त हा आडाखा तरतरीत माणसासाठी आहे, आणि त्यात थांबणे धरलेले नाही. दम खाणे, पाणी पिणे, मुलाच्या बुटाची नाडी, सौ.ची पिशवी, भुईमुगाच्या शेंगा, माकड आले म्हणून थांबणे, माकड गेले म्हणून थांबणे, आणि शिडीपाशी लागलेली रांग, यातले काहीही नाइस्मिथसाहेबांनी जमेस धरलेले नाही. स्कॉटलंडमध्ये रविवारची गर्दी नसावी.

आणि सगळ्यात मोठी लबाडी उताराची. आजवर मला एकाही माणसाने ‘उतरायला किती वेळ लागतो’ हे आपण होऊन सांगितलेले नाही. जणू वर गेल्यावर सरकार हेलिकॉप्टर पाठवते. चढ हे मुद्दल आहे साहेब. व्याज उतारावर लागते, आणि ते चक्रवाढीने. चढताना मांडीचा स्नायू आखडून काम करतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना वजन पेलतो, आणि या दुसऱ्या प्रकारात त्याचे तंतू बारीक बारीक दुखावतात. जिना उतरताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या तिपटीहून जास्त भार येतो, असे मोजून पाहिलेले आहे. माझ्या वजनाला तिनाने गुणून जो आकडा आला तो मी लिहीत नाही, कारण सौ. हे लेख वाचते. दुखणे लगेच येत नाही, हीही एक गंमत. ते एक ते तीन दिवसांनी भर घेते. म्हणजे रविवारी डोंगर, आणि मंगळवारी कचेरीत जिना दिसला की डोळ्यांत पाणी. ज्यांच्या घरी भारतीय बैठकीचे शौचालय आहे, त्यांच्या मंगळवारविषयी मी बोलणार नाही.

एवढेच असते तर मी हा लेख लिहिला नसता. पाय दुखणे ही काही राष्ट्रीय आपत्ती नव्हे. माझा राग निराळ्या कारणासाठी आहे. ‘सोपा’ हा शब्द माणसाचा परत फिरायचा हक्क काढून घेतो. अवघड डोंगरावरून अर्ध्यातून परतलेल्या माणसाला लोक शहाणा म्हणतात. हवामान बघून माघारी आला, वा! सोप्या डोंगरावरून परतलेल्याला काय म्हणतात? पुढची दहा वर्षे प्रत्येक लग्नात, मुंजीत, बारशाला त्याची ओळख ‘हे कळसूबाईच्या दुसऱ्या शिडीवरून परत आले ते’ अशी करून दिली जाते. मग माणूस काय करतो? छातीत धडधडत असते, डोळ्यांपुढे काजवे चमकत असतात, तरी तो वर जातो. कारण सोपा आहे ना! मग आपल्यालाच का जमू नये?

हे मी कल्पनेने लिहीत नाही. एका ऑक्टोबरात आम्ही सहकुटुंब गेलो होतो. शिडीच्या अलीकडे कोण्या कचेरीची सहल गाठ पडली. सगळ्यांच्या अंगात एका रंगाचे टी-शर्ट, त्यावर जिंकण्याबिंकण्याविषयी काहीतरी छापलेले. त्यांचे साहेब पन्नाशीच्या पुढचे. एका दगडावर बसलेले, चेहरा राखेसारखा, कपाळावर घाम. ऊन आमच्याही डोक्यावर होतेच, पण त्यांचा घाम उन्हाचा वाटत नव्हता. ‘जरा छातीत भरल्यासारखं वाटतंय,’ ते म्हणाले. हे त्यांनी कसे म्हटले ठाऊक आहे? ओशाळून! टेबलावर चहा सांडल्यावर माणूस बोलतो तसे. भोवतीची पोरे काही वाईट नव्हती हो. ती आपली टाळ्या वाजवत होती. ‘सर, उठा, सोपं आहे! आता आलंच!’ आणि ते गृहस्थ खरोखर उठले. शिडीला हात घातला.

त्यांना थांबवले ते तिथे लिंबूसरबत विकणाऱ्या बारीच्या एका पोराने. वय असेल विसेक वर्षांचे. त्याने साहेबांचा हात शिडीवरून सोडवला आणि म्हणाला, ‘बाबा, बसा खाली. देवीला समदं दिसतंय हितनं. वर नका जाऊ.’ मग टी-शर्टवाल्यांकडे वळून, ‘तुमी जा वर टाळ्या वाजवाया. यांना मी नेतो.’ आणि नेले. आपले दुकान उघडे टाकून, त्यांना खांद्याचा आधार देत, बसवत, पाणी पाजत. टी-शर्टातले दोघे मुकाट्याने मागून गेले. गाडीत घालून त्यांना दवाखान्याकडे रवाना केल्यावरच पोरगा परत वर आला. तोपर्यंत दुकानावर मी बसलो. रोख मोजायची सवय असल्यामुळे गल्ला चोख जुळला. पण ऐन रविवारच्या दुपारी, गिऱ्हाईक दाटीने असताना त्याचा जो वेळ गेला, तो कुठल्या खात्यात टाकायचा? साहेबांना त्याने पैसे मागितले नाहीत, आणि गडबडीत ते द्यायचे कोणाला सुचले नाही. डोंगर सोपा असल्याची किंमत ही अशी कोणीतरी दुसराच भरतो. कोणाचा पाय मुरगळतो, कोणाला भोवळ येते, कोणी काळोखात वाट सोडतो. मग गावातले चार जण हातातले काम टाकून, झोळी करून वर निघतात. ज्याने ‘सोपा आहे’ म्हणून शहरातून माणसे आणलेली असतात, तो त्या वेळी माथ्यावर सूर्यास्ताचे फोटो काढत असतो.

पावसाळ्याचे तर विचारू नका. जुलैतल्या रविवारी शिडीवर वर जाणारे आणि खाली येणारे यांची जी गाठ पडते, ती पाहून दादर स्टेशनचा पूल आठवावा. फरक इतकाच, की पुलाला कठडे असतात आणि खाली दरी नसते. दगडावर शेवाळ, हातात ओले लोखंड, पायात गुळगुळीत तळाचे बूट किंवा चपला. भिजल्या अंगाने माथ्यावरच्या वाऱ्यात उभे राहिले की दातावर दात वाजतात; भर जुलैत, आपल्या महाराष्ट्रात, माणूस थंडीने गारठू शकतो हे पटायला तिथेच जावे लागते. मेअखेरीच्या आणि ऑक्टोबरातल्या दुपारी वळीव गडगडू लागला, तर उघड्या माथ्यावर किंवा लोखंडी शिडीवर थांबणे म्हणजे विजेला पत्ता देऊन बोलावणे. यात दोराचा प्रश्न कुठे येतो? दोर नेला असता तरी विजेने थोडाच मानला असता!

याच डोंगरावरून समोर अलंग, मदन आणि कुलंग दिसतात. अलंगला आणि मदनला दोर लागतो. म्हणून तिथे जाणारा माणूस महिनाभर आधी तयारी करतो, जाणत्याला बरोबर घेतो, गावात वाटाड्या पाहतो, हवा विचारतो, घरी सांगून निघतो. कळसूबाईला निघालेला आदल्या रात्री लग्नाचे जेवण जेवून निघतो. एवढा फरक एका दोराने पडतो. कधी कधी वाटते, कळसूबाईच्या पायथ्याशी प्रत्येकाच्या हातात दोराचे एक वेटोळे द्यावे. उपयोग काही नाही, पण माणूस जरा गंभीर होईल.

आता माझ्यावर काय आक्षेप येणार ते मला ठाऊक आहे. मेहुण्याने तो घेतलेलाच आहे. ‘दाजी, तुम्ही लोकांना घाबरवताय. अहो, नवरात्रात साठ-सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्या अनवाणी चढतात!’ चढतात, खरे आहे. मी पाहिल्या आहेत. पण त्यांच्यातली एक तरी म्हातारी ‘सोपा आहे’ म्हणाल्याचे मेहुण्याने मला ऐकवावे. त्या पहाटे उठून, वाटेतल्या दगडाला हात लावून, देवीचे नाव घेऊन निघतात. त्यांना जन्मभर डोईवर हंडा आणि लाकडाची मोळी घेऊन चढायची सवय आहे. माझी सवय खुर्चीवर बसून लेजर चढवायची. शिवाय त्या दमल्या की बिनधास्त बसतात. त्यांना लाज नाही वाटत. वाटेच्या सुरुवातीलाच देवीचे एक देऊळ आहे. ज्यांना वर जाणे होत नाही ते तिथेच दर्शन घेऊन समाधानाने घरी जातात. म्हणजे प्रत्यक्ष देवीने वृद्धांसाठी आणि दमेकऱ्यांसाठी खाली शाखा उघडली आहे, आणि हे सहलवाले मात्र प्रत्येकाला मुख्य कचेरीत घेऊन जायला निघालेले!

देवीची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. कळसू नावाची कोळ्याची मुलगी एका पाटलाच्या घरी कामाला राहिली. राहताना तिने अट घातली, की केर काढणार नाही आणि भांडी घासणार नाही. बाकी पडेल ते काम करीन. एके दिवशी पाटलाने तिला नेमकी तीच कामे सांगितली. तिने ती केली, आणि मग सगळे सोडून या डोंगरावर येऊन राहिली, असे त्या मुलखात सांगतात. सेवाशर्तींचा भंग झाला म्हणून इतक्या उंचावर जाऊन बसल्याचे हे एकच उदाहरण माझ्या माहितीत आहे, आणि आमच्या युनियनच्या ऑफिसात तिचा फोटो का नाही, याचे मला नेहमी नवल वाटते. तिला ‘सोपं काम आहे’ असे सांगूनच कोणी फसवले असेल, अशी मला दाट शंका आहे.

लोकांनी डोंगरावर जाऊ नये असे मी म्हणत नाही. जरूर जावे. माथ्यावर तो इवलासा देवळाचा गाभारा, भंडारदऱ्याचे पाणी, अलंग-मदन-कुलंगची भिंत हे पाहिल्यावर पासबुकातली शिल्लक आठवत नाही, हे मी स्वतः अनुभवले आहे. मला हवे आहे ते एवढेच, की नेणाऱ्याने विशेषण सांगू नये, आकडे सांगावे. चढ किती मीटर. थांब्यांसकट वर जायला किती तास, उतरायला किती तास. दर माणशी पाणी किती लिटर. किती वाजता, कुठेही असलो तरी, पाठ फिरवायची. आणि बरोबरच्या एकाने ‘बस, मी इथंच थांबतो’ म्हटले तर त्याच्यापाशी कोण बसणार, त्या माणसाचे नाव. दहा लाखांच्या कर्जाला आम्ही शंभर प्रश्न विचारतो. स्वतःचा देह डोंगरावर नेताना पाच विचारले तर काय बिघडले?

गेल्या आठवड्यात मेहुणा पुन्हा आला. हातात केळी होतीच. ‘दाजी, या वेळी हरिहर. नाशिकजवळ. एकदम सोपा आहे. नुसत्या पायऱ्या! खडकात कोरलेल्या, हाताला धरायला खोबण्यासुद्धा आहेत.’ त्या पायऱ्या भिंतीला लावलेल्या शिडीसारख्या उभ्या आहेत, हे तो केळे सोलता सोलता म्हणाला. मी कपाटातून एक कोरा कागद काढला, त्यावर वरचे पाच रकाने आखले आणि पेन त्याच्या हातात दिले. चढाचा रकाना त्याने झटकन भरला. पाण्याचा विचार करून भरला. उतरायच्या तासांपाशी त्याने डोके खाजवले. शेवटच्या रकान्यात, थांबणाऱ्यापाशी कोण बसणार या प्रश्नापुढे, त्याने बराच वेळ पेन धरून ठेवले आणि मग हळूच ‘ताई’ असे लिहिले.

सौ.ने कागद वाचला, त्यावर ‘अपूर्ण, अर्जदारास परत’ असा शेरा मारला आणि केळी तेवढी ठेवून घेतली.